एका गीतापायी सोडलेले वर्ष

शाळेच्या वार्षिक अंकात सरत्या वर्षाचे सिंहावलोकन करण्याचा प्रघात जुना आहे. परीक्षांचे निकाल, सामन्यांतील जयापजय, बक्षीससमारंभ यांची हकीकत याच अंकात अन्यत्र आली असल्याने तिची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आम्ही वाचकांस नेऊ इच्छितो ते ८० वर्षांहून अधिक मागे, सन १९३८-३९ च्या सालात, औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) इंटरमीजिएट कॉलेजात. त्या साली परीक्षेपेक्षा कठीण असा एक प्रश्न मराठवाड्यातील मुलांपुढे आला, आणि त्याचे उत्तर त्यांना कोणी पढवून ठेवलेले नव्हते.

प्रथम त्या काळची शिक्षणाची वाट कशी होती हे सांगणे अवश्य आहे. बिलोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. येथल्या मुलाची पहिली अक्षरे मराठीत गिरविली जात. परंतु सरकारी शाळेत तो जसजसा वर चढे तसतशी मराठी मागे पडे आणि उर्दू पुढे येई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सर्व विषय उर्दूतूनच शिकवीत. देशी भाषेतून शास्त्रे शिकविण्याचा तो उपक्रम हिंदुस्थानात नवा होता व त्याची वाखाणणीही पुष्कळ झाली. मात्र ती भाषा संस्थानातील बहुसंख्य प्रजेच्या घरची नव्हती, ही गोष्ट वाखाणणी करणारे विसरत. मॅट्रिक झाल्यावर बी. ए. च्या आधी दोन वर्षांचा इंटरमीजिएट हा पूर्वतयारीचा अभ्यास असे; आजच्या अकरावी-बारावीसारखा म्हणावा. त्याकरिता मराठवाड्यात औरंगाबादखेरीज दुसरे ठिकाण नव्हते. तेव्हा बिलोलीच्या मुलाने बैलगाडीने गोदावरीकडे निघावे, नदी उतरून धर्माबादचे स्टेशन गाठावे, आणि तेथून आगगाडीने नांदेड, परभणी करीत औरंगाबादेस जावे. एवढा खर्च सोसणारी घरे थोडी. ज्या घरचा मुलगा जाई त्या घरची सारी आशा त्याच्या पेटीबरोबर गाडीत चढे.

१९३८ चे साल संस्थानात आधीच तापलेले होते. स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच सप्टेंबरात तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरच्या २४ तारखेस सत्याग्रह सुरू झाला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व पुढे अंबाजोगाईस मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ हेही तुरुंगात गेले. मुलांचे गुरुजनच बंदिवान झाल्यावर मुलांची मने पुस्तकात कितीशी रमणार?

नोव्हेंबरात ठिणगी पडली ती मात्र सभेत किंवा मोर्चात नव्हे, तर वसतिगृहाच्या प्रार्थनेत. विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ती मानली नाही. हे लोण पाहता पाहता हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहात पोचले, आणि तेथून संस्थानातील अन्य कॉलेजांत. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली व वसतिगृहाची दारे त्यांना बंद झाली.

येथे एक गोष्ट आम्ही आमच्या बालवाचकांपासून लपवीत नाही. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, हे गीत राजकारणी आहे व त्याने अन्यधर्मीयांचे मन दुखावते. हा आक्षेप त्यांनीच प्रथम काढला असे नव्हे. त्या गीताच्या उत्तरार्धाविषयी देशात वाद चालू होता, आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीनेही राष्ट्रीय समारंभांत पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरविले होते. तेव्हा वाद अगदीच निराधार नव्हता. परंतु आपल्या प्रार्थनेच्या खोलीत आपण काय म्हणावे हे आपण ठरवू नये काय, हा मुलांचा सवालही तितकाच साधार होता. आणि सवालाचे उत्तर युक्तिवादाने न देता पटावरून नाव खोडून दिले गेले, हे आमच्या मते त्या कारभाराचे खरे अपयश होय.

आता पालकांच्या बाजूने पाहा. मुलगा वर्षाच्या मध्येच घरी परततो. फी गेली, खाणावळीचा पैसा गेला, सरकारी नोकरीची वाट बुजली. ज्याचा बाप स्वतः सरकारी चाकरीत, त्या घरात काय बोलणे झाले असेल ते सांगावयास नको. माफी मागून परत जावे असे सांगणारे बाप भित्रे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या पदरी धाकटी भावंडे होती. आणि जे परत गेले त्यांस दूषण देण्याचा अधिकार आज सुखाने वर्गात बसणाऱ्या आम्हांस नाही.

बाकीच्यांचे काय झाले? संस्थानाच्या सीमेपलीकडे, १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. कुलगुरू टी. जे. केदार यांनी संस्थानिक दरबाराच्या रोषाची पर्वा न करता या विद्यार्थ्यांस प्रवेश मिळवून दिला. एका विद्यापीठाने काढलेल्या मुलांना दुसऱ्याने उघडपणे घ्यावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तथापि प्रवेश मिळाला म्हणजे सारे सुरळीत झाले असे नाही. गणित व इतिहास उर्दूत शिकलेल्या मुलास आता तेच विषय इंग्रजीत समजून घ्यावयाचे होते, तेही परक्या गावी, लोकांच्या मदतीवर दिवस काढीत. तेलंगणातील अशाच काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंहराव होते. ते पुढे नागपूरहून कायद्याचे पदवीधर झाले आणि १९९१ साली भारताचे पंतप्रधान.

त्या वर्षाने घडविलेली पुष्कळ मुले १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात पुन्हा भेटतात. त्याची किंमत आमच्या तालुक्यानेही दिली: १९४६ साली अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, व त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज तेथेच उभे आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. १९५० साली स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, आणि १९९४ साली स्वामीजींच्याच नावाचे विद्यापीठ.

आता बिलोलीच्या मुलास अकरावीसाठी गोदावरी ओलांडावी लागत नाही. ओलांडलीच तर पुलावरून, मोटारीने, काही मिनिटांत. आणि त्या प्रवासात घरच्या वडीलधाऱ्यांस त्याने एकदा विचारून पाहावे की, आपल्या कुळातील कोणी १९३८ साली औरंगाबादेस शिकावयास होते काय.