छत्री कोणाची, निवड कोणाची?

ब्रिटनमध्ये कंत्राटी काम करणाऱ्यांपुढे, आणि त्यात आयटीतली आपली बरीच मराठी मुलंमुली आली, एक पेच हमखास येतो. काम मिळतं, दिवसाचा दर ठरतो, आणि मग रिक्रूटमेंट एजन्सी म्हणते, "पगार अंब्रेला कंपनीमार्फत घ्यावा लागेल. ही आमची यादी, यातली एक निवडा." यादीत तीन-चार नावं. आपल्याला हवी ती कंपनी त्यात नसते. आता याला निवड म्हणायचं का?

आधी व्यवस्था समजून घेऊ. अंब्रेला कंपनी ही कायद्याने तुमची मालक, तुम्ही तिचे नोकर. ग्राहक एजन्सीला पैसे देतो, एजन्सी आपला वाटा ठेवून अंब्रेलाला देते, आणि अंब्रेला कर कापून तुम्हाला. एप्रिल २०२१ मध्ये आयआर-३५ चे नियम खासगी क्षेत्रासाठी बदलले, तेव्हापासून पुष्कळ जण या छत्रीखाली आले.

आता हिशोब बघा. दिवसाला ४०० पौंड, म्हणजे आठवड्याला २,०००. पण हा तुमचा पगार नव्हे! त्यातून अंब्रेलाचं मार्जिन जातं, समजा २५ पौंड. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स एप्रिल २०२५ पासून १५ टक्के आहे; तो साधारण २४४ पौंड. अप्रेंटिसशिप लेव्ही सुमारे ९. पेन्शन बाजूला ठेवलं तर उरतात १,७२२. हा खरा पगार, आणि तुमचा प्राप्तिकर व तुमचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स यातून कापायचा.

यातून एक गोष्ट निघते. मार्जिन १५ असो की ३०, फरक आठवड्याला १५ पौंडांचा. बाकी सगळं कायदा ठरवतो. म्हणून प्रामाणिक कंपन्यांकडून हातात पडणारी रक्कम जवळजवळ सारखीच असते. कोणी "८५ टक्के हातात देऊ" म्हणालं, तर तिथे पगाराचा काही भाग कर्ज किंवा आणखी कशाच्या नावाखाली देण्याची युक्ती असण्याचा दाट संभव. यादीमुळे पैशात आपण समजतो तेवढं गमावत नाही. फरक पडतो तो सुट्टीचा पगार, पेन्शन, वेळेवर भरणा आणि समजेल अशी पगारचिठ्ठी यांत.

केंब्रिजमध्ये टॉमस हॉब्सन नावाचा एक माणूस घोडे भाड्याने द्यायचा. तो १६३१ मध्ये वारला. त्याचा नियम असा, की दाराजवळचा घोडा घ्या, नाहीतर चालू लागा. 'हॉब्सनची निवड' हा इंग्रजीतला वाक्प्रचार त्याच्यावरूनच आला. पण त्या नियमाला कारण होतं. सगळे चांगलाच घोडा मागत, आणि तो दमून मरायला टेकत असे. निवडीवर मर्यादा आली की लगेच अन्याय झाला असं नाही. ती मर्यादा कोणाच्या हितासाठी आहे, हे विचारावं लागतं.

एजन्सीच्या यादीमागे दोन कारणं संभवतात. पहिलं जबाबदारीचं. अंब्रेलाने पगारावरचा कर भरला नाही, तर एप्रिल २०२६ पासून तो एजन्सीकडून वसूल करता येईल, असा ब्रिटिश सरकारचा निर्णय आहे. आता जो जामीन राहणार, त्याने कोणाला जामीन राहायचं ते ठरवावं, हे रास्तच आहे. दुसरं कारण दलालीचं. काही अंब्रेला कंपन्या माणसामागे एजन्सीला पैसे देतात. पंचाईत ही, की बाहेरून दोन्ही याद्या सारख्याच दिसतात.

म्हणून सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक : यादीत येण्याची कसोटी काय, आणि या कंपन्यांकडून तुम्हाला काही मिळतं का? दोन : माझं 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' कुठे आहे? एप्रिल २०२० पासून अटी मान्य करण्यापूर्वी ते देणं एजन्सीवर बंधनकारक आहे. त्यात कपातींचा नमुना हिशोब असतो. तीन : तुमच्या स्वतःच्या पेरोलवर मला घेता येईल का, किंवा मी सुचवलेली कंपनी तपासून यादीत घ्याल का? एजन्सी नाही म्हणू शकते. पण कसोटी सांगायलाच ती कां-कूं करू लागली, तर ती यादी कोणासाठी केलीय ते कळतं.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा, यादीत नाव असणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. करात गफलत झाली तर बिल तुमच्याही दारात येऊ शकतं. तेव्हा पहिली पगारचिठ्ठी हातात आली, की त्या हिशोबाशी ओळ न् ओळ ताडून पाहा.