वादमर्यादा

विद्वानांच्या परस्पर चर्चेत काय बोलावे, काय बोलू नये आणि कोणत्या प्रसंगी एखादा पक्ष पराभूत मानावा, यांविषयी पाळावयाचे संकेत. ‘वादमर्यादा’ ही संज्ञा चरकसंहितेच्या विमानस्थानात जवळजवळ याच अर्थाने आली आहे. शास्त्रचर्चेला नियम हवेत, या जाणिवेतून प्राचीन भारतात एक स्वतंत्र विद्याशाखा निर्माण झाली. वैद्यक, न्यायदर्शन, बौद्ध व जैन तर्कशास्त्र या सर्वांनी तिच्यात भर घातली. तिचे प्रतिपाद्य निव्वळ तार्किक नाही. अनुमान निर्दोष कसे मांडावे, या प्रश्नाइतकाच प्रतिपक्ष्याशी कसे वागावे, हा प्रश्नही तिने महत्त्वाचा मानला.

अशा चर्चांचे उल्लेख उपनिषदांपासून आढळतात. बृहदारण्यकोपनिषदात जनकाच्या यज्ञप्रसंगी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारले जातात. तेथे नियम सांगितलेले नाहीत. तथापि मर्यादेची कल्पना आहे. गार्गी प्रश्नांची साखळी लांबवू लागते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला ‘अतिप्रश्न’ करू नकोस, असे बजावतो. तीच गार्गी पुढे सभेची अनुज्ञा घेऊन पुन्हा दोन प्रश्न विचारते व उत्तरे ऐकल्यावर याज्ञवल्क्याला कोणी जिंकू शकणार नाही, असे स्वतःच जाहीर करते. हट्टाने विचारीत राहणाऱ्या शाकल्याचे मस्तक मात्र गळून पडल्याची कथा आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात हीच कल्पना अधिक स्पष्ट होते. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला (मीनांदर) सांगतो, की राजा पंडितांप्रमाणे बोलणार असेल, तरच संवाद होऊ शकेल; राजांप्रमाणे बोलणार असेल, तर नाही. पंडितांची कोंडी केली, त्यांची चूक दाखविली, तरी ते रागावत नाहीत. राजे एक मत धरतात आणि विरोध करणाऱ्याला दंड फर्मावतात. मिलिंद पंडितांच्या रीतीने बोलण्याचे मान्य करतो व त्यानंतरच प्रश्नोत्तरे सुरू होतात.

चरकसंहितेतील संभाषाविधी : नियमांचे तपशीलवार विवेचन करणाऱ्या सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रंथांपैकी चरकसंहिता (इ. स. सु. पहिले-दुसरे शतक) हा एक होय. तिच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्याने वैद्याशी चर्चा करावी, असे सांगून तिचे लाभ दिले आहेत. ज्ञान वाढते, वक्तृत्व येते, पूर्वी ऐकलेल्यातील संशय फिटतो, हे त्यांपैकी अपेक्षितच होत. एक लाभ मात्र मनुष्यस्वभावाची चांगली पारख दाखवितो : गुरूने प्रसन्न होऊन शिष्याला क्रमाक्रमाने दिलेले गूढ ज्ञान जिंकण्याच्या ईर्ष्येने पेटलेला वैद्य चर्चेच्या भरात एकदम बोलून टाकतो.

या चर्चेचे दोन प्रकार केले आहेत : संधायसंभाषा (सलोख्याची) आणि विगृह्यसंभाषा (विरोधाची). ज्ञान व प्रत्युत्तराचे सामर्थ्य असलेल्या, न रागावणाऱ्या, असूया न बाळगणाऱ्या, समजावले असता समजणाऱ्या व गोड बोलणाऱ्या व्यक्तीशीच पहिल्या प्रकारची चर्चा करावयाची. तीत निःशंकपणे विचारावे आणि विचारलेल्याचे उत्तर विशद करून द्यावे. हरण्याच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये. जिंकल्यास हर्षित होऊ नये व चारचौघांत त्याची बढाई मारू नये. मोहाने एकच बाजू धरून बसू नये. दुसऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट मुद्दाम त्याच्यापुढे वर्णू नये. हे सर्व नियम ज्ञानापेक्षा शीलाविषयीचे आहेत, हे लक्षणीय आहे.

विगृह्यसंभाषेचे प्रकरण मात्र वाचकाला चकित करते. तेथे प्रथम स्वतःचे व प्रतिपक्ष्याचे बळ जोखावयाचे; प्रतिपक्षी वरचढ, कमी की बरोबरीचा हे पाहावयाचे. मग परिषद पाहावयाची. ती जाणत्यांची किंवा मूढांची, आणि पुन्हा मित्रभावाची, उदासीन किंवा विरोधात ठाम झालेली असू शकते. शेवटच्या प्रकारच्या परिषदेत, ती जाणत्यांची असो की मूढांची, कोणाशीही वाद घालू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. पुढे दुबळ्या प्रतिपक्ष्याला झटपट हरविण्याच्या युक्त्या येतात. ज्याचे पाठांतर कच्चे, त्याला लांबलचक सूत्रपाठाने दडपावे. ज्याला वाक्य लक्षात ठेवता येत नाही, त्याच्यापुढे गुंतागुंतीची दीर्घ वाक्ये टाकावीत. रागीट असेल त्याला दमवावे, भित्र्याला घाबरवावे. एवढेच नव्हे, तर परिषदेशी आधीच संधान बांधून आपल्याला सोयीचा किंवा प्रतिपक्ष्याला अवघड असा विषय तिच्याकडून ठरवून घ्यावा आणि मग वाद व वादमर्यादा ही परिषदच ठरवील, असे म्हणून गप्प बसावे, असाही सल्ला आहे. वादमर्यादा या संज्ञेचा खुलासा येतो तो नेमका या ठिकाणी.

या दोन भागांचा मेळ कसा घालावयाचा? वैद्याची उपजीविका राजाश्रयावर व लौकिकावर अवलंबून असे आणि भोंदू वैद्यांशी त्याची गाठ नेहमी पडे, हे ध्यानात घेतल्यास या व्यावहारिक उपदेशाचा उलगडा काहीसा होतो. ग्रंथकारही विगृह्यसंभाषेची भलामण करीत नाही. अशा बोलण्यातून तीव्र वैर उद्भवते, रागावलेल्याला न करण्यासारखे व न बोलण्यासारखे काही उरत नाही, म्हणून सज्जनांच्या सभेत जाणते लोक कलहाला मान देत नाहीत, असे तो तेथेच नमूद करतो. वैद्यांनी आयुर्वेदाविषयीच वाद करावा, इतरत्र नव्हे, असाही निर्बंध त्याने घातला आहे. वादात उपयोगी पडणाऱ्या ४४ संज्ञांची (वादमार्गपदे) यादी याच अध्यायात आहे. सूत्रस्थानात पुरुष व रोग यांच्या उत्पत्तीविषयी ऋषींचा वाद वर्णिला असून प्रत्येक जण आपलेच मत निश्चित मानून बोलत राहिल्यावर पुनर्वसू आत्रेय त्यांना थांबवितात. आपापला पक्ष धरून बसणारे घाण्यावर बसलेल्या माणसाप्रमाणे फिरतच राहतात, मुक्कामाला पोहोचत नाहीत, असे ते म्हणतात.

न्यायदर्शनातील व्यवस्था : गौतमाच्या न्यायसूत्रांत (सु. दुसरे शतक) या नियमांना शास्त्रीय रूप आले (⟶ न्यायदर्शन). तेथील सोळा पदार्थांपैकी वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाती व निग्रहस्थान हे सात थेट चर्चेशी निगडित आहेत. ‘वाद’ म्हणजे तत्त्वनिर्णयासाठी, प्रमाण व तर्क यांच्या आधारे, मूळ सिद्धांताला सोडून न जाता केलेली चर्चा. ‘जल्पा’त जिंकण्यासाठी छल व जाती यांचाही अवलंब होतो. ‘वितंडे’त वक्ता स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढतो. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द नुसत्या निरर्थक हुज्जतीला लावला जातो. तथापि मूळ अर्थ तसा नाही. श्रीहर्षाने (बारावे शतक) खंडनखंडखाद्यात हीच रीत अत्यंत गंभीर तत्त्वचिंतनासाठी वापरली आहे. प्रमाणांचे अस्तित्व दोन्ही पक्षांनी आधी मान्य केले पाहिजे, हा नैयायिकांचा आग्रह त्याने नाकारला. त्याच्या मते चर्चेचे नियम पाळण्याचा उभयपक्षी करार तेवढा चर्चेला पुरेसा होतो. वादमर्यादेला यापेक्षा मोठे स्थान क्वचितच कोणी दिले असेल.

वाद कोणाशी करावा, हेही सूत्रकार सांगतात : शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि कल्याणाची इच्छा असणारे असूयारहित जाणकार यांच्याशी. आपला पक्ष न मांडताही, केवळ जिज्ञासा प्रकट करून, इतरांच्या बोलण्यातून आपले मत शुद्ध करून घ्यावे, अशी मुभा त्यांनी दिली आहे.

निग्रहस्थाने म्हणजे पराभवाची स्थाने बावीस आहेत. त्यांपैकी काही तर्कदोष असून बरीचशी वर्तनाची आहेत. प्रतिपक्ष्याच्या आक्षेपामुळे मूळ प्रतिज्ञा सोडणे (प्रतिज्ञाहानी) किंवा मी असे म्हटलेच नव्हते, अशी तिच्याविषयी कानांवर हात ठेवण्याची भूमिका घेणे (प्रतिज्ञासंन्यास) ही पहिल्या काहींपैकी होत. तीनदा सांगूनही परिषदेला व प्रतिपक्ष्याला कळणार नाही, असे बोलणे हे ‘अविज्ञातार्थ’. उलटपक्षी, परिषदेला समजलेले व तीनदा सांगितलेले विधान खंडनापूर्वी पुन्हा उच्चारून न दाखविणे हे ‘अननुभाषण’. खंडन करावयाचे ते विधान आधी नीट समजून घेतल्याचे दाखविणे वादीवर बंधनकारक असावे, हा या नियमाचा आशय आहे. कामाची सबब सांगून चर्चा सोडून जाणे हा ‘विक्षेप’ होय. आपल्यावरील दोष न निवारता तोच दोष तुमच्याही पक्षात आहे, असे म्हणणे ही ‘मतानुज्ञा’. कारण तसे म्हणणाऱ्याने आपला दोष मान्यच केलेला असतो. ‘अर्थांतर’ म्हणजे विषयांतर. त्याचे भाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उदाहरण मार्मिक आहे : शब्द नित्य आहे, असे सिद्ध करावयास निघालेला वादी हेतू सांगतो आणि लगेच ‘हेतू’ हा शब्द कोणत्या धातूला कोणता प्रत्यय लागून झाला, याचे व्याकरण सांगू लागतो.

प्रतिपक्षी निग्रहस्थानात सापडला असता ते लक्षात न येणे हेदेखील निग्रहस्थानच (पर्यनुयोज्योपेक्षण). वात्स्यायनाने येथे एक अडचण हेरली आहे. हा दोष दाखवावा कोणी? पराभूत झालेला आपले व्यंग आपण होऊन उघडे करणार नाही. म्हणून तो परिषदेने सांगावयाचा. दोष नसता दोष लावणे हेही तितकेच निषिद्ध आहे. वादात मात्र ही बावीसही निग्रहस्थाने लागू होत नाहीत. न्यून, अधिक, अपसिद्धांत व हेत्वाभास एवढीच तेथे दाखविता येतात, असे भाष्यावरून दिसते. जिज्ञासूंच्या चर्चेत जीभ अडखळली म्हणून कोणी हरत नाही.

छलाविषयीचा मतभेद : वक्त्याच्या शब्दांना त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवून त्याचे खंडन करणे, म्हणजे छल. ‘नवकंबल’ (नवी घोंगडी असलेला) असे म्हणणाऱ्याला याच्यापाशी नऊ घोंगड्या कोठे आहेत, असे विचारणे हे वाक्छलाचे नेहमीचे उदाहरण. सामान्यछल व उपचारछल हे त्याचे आणखी दोन प्रकार आहेत. असे गैर उपाय शास्त्राने शिकवावेत काय? न्यायसूत्रांचे उत्तर असे, की कोवळ्या रोपाच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा हे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी आहेत.

बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती (सु. सातवे शतक) याने वादन्याय या ग्रंथात हे समर्थन फेटाळले. तत्त्वरक्षणासाठी छल चालत असेल, तर चपराक मारणे, शस्त्र चालविणे, आग लावणे हेही का चालू नये, असा त्याचा सवाल आहे. बावीस निग्रहस्थानांऐवजी त्याने दोनच मानली : साधक नसलेले बोलणे (असाधनांगवचन) व खरा दोष न दाखविणे (अदोषोद्भावन). त्याच्यापूर्वी असंगाच्या परंपरेतील योगाचारभूमीत वादात उतरण्याआधी लाभहानी, परिषद आणि आपले कौशल्य यांचा विचार करून गरज पडल्यास वाद टाळावा, असे सांगितले होते. जैन आचार्यांची भूमिकाही छलाविरुद्ध आहे. अकलंकाने स्वपक्षाची सिद्धी हाच जय मानला. प्रतिपक्षी केवळ गोंधळला, एवढ्याने जय होत नाही. हेमचंद्राने जल्पाला वेगळे स्थान दिले नाही. नैतिक दृष्ट्या धर्मकीर्तीचा युक्तिवाद बिनतोड आहे. प्रत्यक्ष सभांत मात्र छल ओळखता येणे आवश्यकच होते आणि त्यासाठी तो सर्वांनाच शिकावा लागला.

सभ्य आणि सभापती : वादी देवसूरी (बारावे शतक) याच्या प्रमाणनयतत्त्वालोकात वादाची चार अंगे दिली आहेत : वादी, प्रतिवादी, सभ्य व सभापती. सभ्य हे दोन्ही सिद्धांत जाणणारे, क्षमाशील, मध्यस्थवृत्तीचे आणि दोन्ही पक्षांना मान्य असे हवेत. सभापतीपाशी प्रज्ञा व क्षमा यांबरोबर आज्ञा देण्याचा अधिकार हवा. भांडण मिटविणे हे त्याचे काम. स्वतः देवसूरीने ११२५ मध्ये अणहिलपाटण येथे सिद्धराज जयसिंहाच्या सभेत दिगंबर आचार्य कुमुदचंद्र याच्याशी वाद केला होता.

सभापतीची ही सत्ता दुधारी ठरे. सु. ६४३ मध्ये कनौज येथे हर्षवर्धनाने भरविलेल्या सभेत चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संगने आव्हान दिले. त्याच्या चरित्रानुसार, त्याच्याविरुद्ध कटाची वार्ता येताच हर्षाने त्याला इजा करणाऱ्यास देहदंड व त्याची निंदा करणाऱ्याची जीभ कापण्याची शिक्षा जाहीर केली. प्रामाणिक वादाला आडकाठी नाही, असेही सांगितले. अठरा दिवस कोणीही पुढे आले नाही. हा ह्यूएनत्संगचा जय मानला गेला. नागसेनाने घातलेली अट येथे कोणी घातली नव्हती.

उत्तरकाल : ही परंपरा संस्कृत पाठशाळांतील शास्त्रार्थ व वाक्यार्थसभा यांच्या रूपाने टिकली. शंकरमिश्राचा वादिविनोद (पंधरावे शतक) हा याच विषयावरील ग्रंथ. तिबेटी बौद्ध मठांत धर्मकीर्तीची परंपरा शिक्षणक्रमाचा भाग झाली. तेथे प्रश्नकर्ता उभा राहून टाळी वाजवीत विचारतो. उत्तर देणारा बसलेला असतो व ‘मान्य’, ‘हेतू असिद्ध’, ‘व्याप्ती नाही’ अशा ठराविक उत्तरांपैकीच एक देऊ शकतो. १९५९ नंतर कर्नाटकातील बैलकुप्पे व मुंडगोड येथे पुन्हा स्थापन झालेल्या मठांत ही पद्धती चालू आहे. २०१६ मध्ये वीस भिक्षुणींना प्रथमच ‘गेशेमा’ ही सर्वोच्च पदवी मिळाली.

एकोणिसाव्या शतकात सामाजिक व धार्मिक सुधारणांचे प्रश्न याच जुन्या चौकटीत आणले गेले. तेथे तिची कसोटी लागली. १६ नोव्हेंबर १८६९ रोजी काशी येथे काशीनरेशाच्या अध्यक्षतेखाली दयानंद सरस्वती आणि काशीचे पंडित यांच्यात मूर्तिपूजेविषयी शास्त्रार्थ झाला. पंडितांच्या पक्षात बालशास्त्री रानडे हे महाराष्ट्रीय विद्वानही होते. सभा गोंधळात संपली व दोन्ही पक्षांनी आपापल्या विजयाचे वृत्तांत छापले. पुढील वर्षी, १८७० मध्ये, पुणे येथे शंकराचार्यांपुढे विधवाविवाहाच्या शास्त्रसंमतीविषयी वाद झाला. सुधारकांची बाजू विष्णुशास्त्री पंडित यांनी मांडली. निर्णय त्यांच्याविरुद्ध गेला. विधवाविवाह १८५६ च्या कायद्याने आधीच वैध ठरला होता. सुधारकांना हवी होती ती शास्त्रज्ञांच्या सभेची मान्यता, आणि ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न होता, त्या विधवांना वादी, प्रतिवादी किंवा सभ्य यांपैकी कोणतेच स्थान त्या सभेत नव्हते.