पोचा दिसतो, इजा दिसत नाही

पुण्याहून कोल्हापूरला लग्नकार्यासाठी निघालेले एक कुटुंब. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरील रांगेत पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक लावला आणि त्यांची मोटार त्याच्यावर मागून आदळली. वेग बेताचाच होता. कोणालाही खरचटले नाही. बंपरला चीर गेली, बॉनेटला लहानसा पोचा आला, एवढेच. मुहूर्त गाठायचा असल्याने ‘परत आल्यावर डेंटिंग-पेंटिंग करून घेऊ’ असे म्हणून कुटुंबप्रमुखांनी गाडी पुढे काढली. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला आणि पाहता पाहता बॉनेटखालून वाफ येऊ लागली. धक्क्याने रेडिएटर तडकला होता व कूलंट वाटभर गळत आले होते. बंपरचे काम काही हजारांचे होते; तापलेल्या इंजिनाचे काम त्याच्या कितीतरी पट निघाले. विमा कंपनीने बंपर व रेडिएटरचे पैसे दिले, इंजिनाचे मात्र नाकारले.

अशी फसगत होण्याचे कारण मोटारीच्या रचनेतच आहे. आजच्या बहुतेक मोटारींना ट्रकप्रमाणे स्वतंत्र चेसिस नसते. जोडलेल्या पत्र्याचा सांगाडा हाच त्यांचा कणा. धडकेत पुढचा व मागचा भाग चुरगळून आघात शोषून घ्यावा आणि प्रवाशांची बैठक शाबूत राहावी, अशी त्यांची घडण असते. बंपरचे बाह्य आवरण प्लास्टिकचे असल्याने दबूनही ते पुष्कळदा पूर्ववत होते. त्यामागची धातूची पट्टी वाकली असली तरी ती बाहेरून दिसत नाही.

म्हणून धडकेनंतर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, प्रवाशांना सुरक्षित जागी उभे करावे आणि मगच पाहणी करावी. प्रथम गाडीखाली वाकून पाहावे. एसीचे स्वच्छ पाणी टपकणे नेहमीचेच. परंतु हिरवा, गुलाबी वा तपकिरी द्रव दिसला तर कूलंट किंवा तेल गळत आहे असे समजावे. चाक मडगार्डला घासते का, दिवे लागतात का, बॉनेट नीट बंद होते का, हे तपासावे. गाडी सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षणांनी विझला पाहिजे. तो तसाच राहिला तर त्या यंत्रणेत दोष आहे. पुढच्या अपघातात एअरबॅग उघडेलच याची शाश्वती उरत नाही. द्रव गळणे, पेट्रोल वा सीएनजीचा वास, जड झालेले स्टीअरिंग, ब्रेक खोलवर जाणे, उघडलेली एअरबॅग यांपैकी एक जरी खूण आढळली तरी गाडी चालवत नेऊ नये. टोइंग करूनच गॅरेजला न्यावी.

काही खुणा मात्र दिवसांनी प्रकट होतात. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढते किंवा स्टीअरिंग तिरके राहते. टायर एकाच कडेने झिजतो. खड्ड्यातून जाताना पूर्वी नसलेला खडखडाट ऐकू येतो. दरवाजा लावण्यास जोर लागतो, किंवा दरवाजा व पत्रा यांमधील फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. मागून धडक बसलेल्या गाडीच्या डिकीत पावसाचे पाणी शिरते. अशा वेळी केवळ व्हील अलाइनमेंट करून समाधान मानू नये. सस्पेन्शनचे भाग व सांगाड्याची मापे तपासून घ्यावीत. अपघातात ताण घेऊन आवळलेला सीटबेल्ट पुष्कळदा बदलावाच लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता विम्याविषयी. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार, अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालविली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी येते. खंबाटकीच्या घाटात त्या कुटुंबाला नडली ती हीच अट. म्हणून फोटो काढावेत, कंपनीस विनाविलंब कळवावे आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी काम सुरू करू नये. ‘झिरो डेप’ पॉलिसी नसेल तर प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो, हेही हिशेबात धरावे.

क्लेम घ्यावाच का, हा प्रश्न निराळा. सलग पाच वर्षे क्लेम न घेतल्यास नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एका क्लेमने तो सामान्यतः शून्यावर येतो. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के आहे. ५,००० रुपयांच्या दुरुस्तीसाठी क्लेम घेतला तर पुढील वर्षीच ६,००० रुपयांची सवलत जाते. तेथे खिशातून खर्च करणे शहाणपणाचे. परंतु हा आकडा पोच्याकडे पाहून ठरवू नये. बंपर उतरवून आतील भाग पाहिल्यावर मेकॅनिकने लेखी अंदाजपत्रक द्यावे आणि मगच निर्णय घ्यावा.

रंगाचे काम महिनाभर लांबले तरी काही बिघडत नाही. तपासणी मात्र त्याच दिवशी व्हावी. कारण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत घरची मुले शाळेला आणि आजी-आजोबा दवाखान्यात जायचे असतात.