गुणी भाषा मागें कां राहते?

गणकयंत्राला आपली मराठी समजत नाहीं. त्याजकडून काम घ्यावयाचें तर त्यासाठींच रचलेल्या आज्ञाभाषेंत सांगावें लागतें. अशा भाषा शेंकडों आहेत, पण नित्य व्यवहारांत थोड्याच चालतात. जी गुणांनीं श्रेष्ठ तीच पसरेल, असें सहज वाटतें. तें सर्वस्वीं खरें नाहीं, हें ए. पी. एल. या भाषेच्या उदाहरणावरून आम्ही वाचकांस दाखवूं इच्छितों.

कॅनडांत १९२० सालीं जन्मलेले केनेथ आयव्हर्सन यांनीं हार्वर्ड विद्यापीठांत शिकवीत असतां गणिती विचार स्वच्छ मांडण्यासाठीं एक चिन्हपद्धति रचिली. १९६२ सालीं तीवरील त्यांचा ग्रंथ निघाला, व १९६६ सालीं आय. बी. एम. कंपनीच्या यंत्रावर ती चालूं लागली. सबंध कोष्टक तिला एकच वस्तु असते. वर्गांतील ४० मुलांच्या गुणांची सरासरी ती मूठभर चिन्हांत काढिते. त्या काळच्या इतर भाषांत त्यासाठीं एकेक गुण मिळवीत जाण्याच्या आज्ञा ओळीमागून ओळ लिहाव्या लागत. १९७९ सालीं आयव्हर्सन यांस ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

मग अडलें कोठें? पहिली अडचण चिन्हांची. साध्या टंकयंत्रावर तीं नव्हतीं. त्यासाठीं अक्षरांचा निराळा गोळा बसवावा लागे, आणि कांहीं चिन्हें एकावर एक दोन खुणा ठोकून उमटवावीं लागत. ज्याच्यापाशीं हें साहित्य नाहीं, त्याला शिकण्याची हौस असूनही दार बंदच.

दुसरी अडचण संवयीची. शाळेंत आपण गुणाकार आधीं करितों. म्हणून ३ × ४ + ५ यांचें उत्तर १७ येतें. ही भाषा उजवीकडून आरंभ करिते; तिचें उत्तर २७. नियम सोपा आहे, पण अंगवळणी पडलेलें मोडणें सोपें नाहीं. शिवाय एका ओळींत इतका अर्थ दाटतो कीं, दुसऱ्याची ओळ उलगडतांना वाचणारा थकतो.

तिसरी अडचण सोबतीची, आणि हीच सर्वांत बळकट. जी भाषा जाणणारीं माणसें पुष्कळ, तीच कारखानदार पसंत करितो. जींत नोकरी मिळेल, तीच विद्यार्थी शिकतो. आणि जीं तयार साधनें लिहिलीं जातात, तींही तिच्यांतच. जेथें गिऱ्हाईक तेथें बाजार, व जेथें बाजार तेथेंच गिऱ्हाईक! आपली मोडी लिपी भरभर लिहिण्यास सोईची होती व मराठी दप्तरें तींत भरलेलीं आहेत. तरी छापखान्यांत बालबोध रूढ झाली आणि मोडी मागें पडली.

१९९० सालीं आयव्हर्सन व रॉजर हुई यांनीं साध्या कळफलकावरील चिन्हांची 'जे' ही भाषा काढिली. पहिली अडचण गेली, पण उरलेल्या दोन राहिल्या; म्हणून तीही थोड्यांच्याच हातीं राहिली. मात्र विचार वांया गेला नाहीं. सबंध कोष्टकावर एका आज्ञेनें क्रिया करण्याची रीत आज पायथन भाषेच्या नम्पाय या साधनसंग्रहांत नित्य वापरली जाते.

मुलानें कोणती भाषा शिकावी, असें पालक विचारतात. पोटासाठीं चालती भाषा शिकावी, हें योग्यच. पण आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे कीं, एखादी न चालणारी भाषाही थोडी अभ्यासावी. वस्तु किती हातीं आहे, यावरून तिची सोय कळते. तिचें मोल ठरविण्यास ती स्वतः पाहावी लागते.