कुठवर पोचावं एका आडनावानं!

आपण ज्या दर्यावर्दीला मॅगेलन म्हणतो, त्याचं घरचं पोर्तुगीज आडनाव मागाल्याइंश. १५१९ मध्ये तो पाच जहाजं नि सुमारे अडीचशे माणसं घेऊन स्पेनहून निघाला. १५२२ च्या सप्टेंबरात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं एकच जहाज, त्यावर माणसं अठरा! तो स्वतः वाटेत फिलिपिन्समध्ये मारला गेला. पॅसिफिकमध्ये उपासमार अशी, की डोलकाठीवरचं वाळकं कातडं चार-पाच दिवस समुद्रात भिजवून, निखाऱ्यावर टाकून खाल्लं.

माणूस गेला, आडनाव मात्र सुसाट सुटलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाची मॅगेलन सामुद्रधुनी घ्या. लांबी जवळपास ५७० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला दोनदा जाऊन या, साधारण तेवढी. तिथल्या चिलीच्या प्रांताचं नावही तेच, स्पॅनिश वळणाचं: मागायानेस. विस्तार १.३२ लाख चौरस किलोमीटर आणि २०१७ च्या जनगणनेत माणसं १.६६ लाख. चौरस किलोमीटरला सव्वा माणूस! आपल्या खच्चून भरलेल्या पस्तीसेक लोकलमध्ये अख्खा प्रांत मावेल.

पण हे सगळं किरकोळ. आता वर बघा! दक्षिण गोलार्धात नुसत्या डोळ्यांना ढगाच्या तुकड्यासारखा दिसतो तो मॅगेलनचा मोठा मेघ. महाराष्ट्रातून तो क्षितिजाला इतका चिकटलेला, की धुरक्यातच हरवतो. ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण दीर्घिका, अंतर सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. मुंबई-पुणे किती वेळा? शंभर कोटी कोटी वेळा! ताशी शंभर किलोमीटरनं, एकही स्टेशन न घेता धावणाऱ्या गाडीला पावणेदोन लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सव्वाशे पट! किलोमीटरला एकच रुपया भाडं धरा, आणि जगातल्या झाडून साऱ्या माणसांनी वर्गणी काढून एक तिकीट घ्यायचं ठरवलं, तर माणशी अठरा कोटी रुपये. तान्ह्या बाळालाही सूट नाही.

आणि तिथून पाहुणे खरंच आले. त्या मेघात फुटलेल्या ताऱ्यातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण २३ फेब्रुवारी १९८७ ला पृथ्वीवर पोचले. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून हजारो कोटी, कुणाला कळलंही नाही, आरपार! जपानच्या कामिओका खाणीतल्या टाकीत त्यांच्या वाटेवर ३००० टन पाणी उभं होतं. वीस फूट रुंद, पस्तीस फूट पाणी असलेल्या दहा विहिरींएवढं. त्या पाण्यात सापडले किती? अकरा.