मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांना स्टिरॉइड देणे सुरक्षित आहे का?

"डॉक्टर, आईला शुगर आहे, बीपी आहे, त्यात तुम्ही स्टिरॉइड देताय. काही होणार नाही ना?" हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारला जातो. दुसरीकडे, गुडघे दुखतात म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन् महिने स्टिरॉइडच्या गोळ्या आणणारे आजोबाही भेटतात. अनाठायी भीती आणि बेफिकिरी, दोन्हींमुळे नुकसान होते.

स्टिरॉइड म्हणजे काय?

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन ही औषधे त्याच्यासारखेच काम करतात. ती सूज आणि प्रतिकारशक्तीची अतिरेकी प्रतिक्रिया कमी करतात. दम्याचा तीव्र झटका, संधिवात, गंभीर ॲलर्जी अशा आजारांत त्यांचा मोठा उपयोग होतो. जिममध्ये स्नायू वाढवण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइड वेगळी.

कोविडने काय शिकवले?

जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, एवढ्या उपचाराने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुण्यासह महाराष्ट्रभर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे रुग्ण वाढले. त्यांतील अनेकांना मधुमेह होता, साखर आटोक्यात नव्हती आणि उपचारात स्टिरॉइड दिले गेले होते. काहींना जबड्याचा भाग, काहींना डोळा गमवावा लागला. जे औषध योग्य रुग्णाला जीवदान देते, तेच गरज नसताना, जास्त डोसमध्ये किंवा साखरेवर लक्ष न ठेवता घेतले तर घातक ठरते.

आधीचे आजार असतील तर काय होऊ शकते?

- मधुमेह: साखर वाढते. सकाळी गोळी घेतली तर ही वाढ प्रामुख्याने दुपारी आणि संध्याकाळी दिसते. त्यामुळे फक्त उपाशीपोटीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. दुपारच्या जेवणानंतर २ तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधीही साखर तपासा.
- रक्तदाब आणि हृदयविकार: शरीरात मीठ-पाणी साठते. पायांवर सूज, धाप लागणे, दोन-तीन दिवसांत वजन वाढणे याकडे लक्ष ठेवा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम कमी होऊ शकते.
- ठिसूळ हाडे: तीन महिने किंवा त्याहून जास्त उपचार असेल तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- पोट: सोबत वेदनाशामक गोळ्या किंवा ॲस्पिरिन असेल तर अल्सर आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. काळी शौच झाल्यास त्याच दिवशी दाखवा.
- डोळे: काचबिंदू आणि मोतीबिंदू वाढू शकतात.
- जंतुसंसर्ग: संसर्ग वाढतो, पण ताप दबून राहतो. पूर्वी टीबी झाला असेल तर आवर्जून सांगा.
- मन आणि झोप: ज्येष्ठांना झोप न लागणे, चिडचिड, क्वचित भ्रम होतो. याला 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून देऊ नका.

अचानक बंद का करायचे नाही?

बाहेरून स्टिरॉइड मिळू लागले की ॲड्रिनल ग्रंथी आपले काम कमी करतात. साधारण तीन आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या असतील तर त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. एकदम बंद केल्यास प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर येते, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. डोस कमी होत असताना मधुमेहाच्या औषधांचा किंवा इन्सुलिनचा डोसही पुन्हा ठरवावा लागतो. नाहीतर साखर एकदम खाली जाते. ही गोष्ट घरच्यांच्या लक्षात राहत नाही.

घरच्यांनी काय करावे?

- स्टिरॉइड का, किती मिलिग्रॅम, किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.
- गोळी शक्यतो सकाळी, नाश्त्यानंतर द्या.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया ठरली किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर लगेच कळवा.
- सांधेदुखीवर 'जादूसारखा' आराम देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. त्यात अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. आधीच घेत असाल तर न लाजता डॉक्टरांना सांगा.
- दम्याच्या इनहेलरमधील स्टिरॉइडचा डोस खूप कमी असतो. तो भीतीपोटी बंद करू नका. वापरल्यावर चूळ भरा.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

साखर सतत ३०० च्या वर, रक्ताची उलटी, खूप धाप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, चेहऱ्याच्या एका बाजूला सूज किंवा दुखणे, नाकातून काळपट स्राव, एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास थांबू नका.

आईला स्टिरॉइड चालेल का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे असते: गरज असेल तर चालेल, पण कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस आणि घरात ग्लुकोमीटर हवा. तुमच्या रुग्णासाठी नेमका निर्णय मात्र त्यांना तपासणारे डॉक्टरच घेऊ शकतात.