मोमो राजाच्या दरबारात एक रॉकवाला

यशस्वी बँडचा चेहरा असलेला माणूस सदतिसाव्या वर्षी नवे ताल शिकायला बसतो. डेव्हिड बर्नच्या ‘रेइ मोमो’ची ही गोष्ट.

गोव्याच्या कार्निव्हलला एकदा तरी गेला असाल, तर किंग मोमोला पाहिलंच असेल. डोक्यावर मुकुट, फ्लोटवर ऐटीत स्वारी आणि प्रजेला एकच फर्मान: खा, प्या, मजा करा! तिकडे ब्राझीलमध्ये याच राजाला ‘रेइ मोमो’ म्हणतात. कार्निव्हलपुरत्या शहराच्या चाव्याही त्याच्या हातात!

१९८९ मध्ये डेव्हिड बर्नने आपल्या सोलो अल्बमला हेच नाव दिलं. गंमत म्हणजे, मौजमजेच्या राजाशी ज्याचं अजिबात जमू नये, असाच हा गायक.

ढगळ कोटवाला

बर्न म्हणजे ‘टॉकिंग हेड्स’ या न्यूयॉर्कच्या बँडचा आवाज. १९७५ मध्ये सुरू झालेला हा बँड आर्ट स्कूलमधून आलेल्या मंडळींचा. गाणी हुशार, तिरकस, जरा अस्वस्थ. बर्न गायचा तेही घाबरलेल्या माणसाने भरभर बोलावं तसं. १९८४ च्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या कॉन्सर्ट फिल्ममधला त्याचा भला मोठा ढगळ कोट तर रॉकच्या इतिहासातच जाऊन बसलाय.

तालाचं वेड मात्र जुनंच. १९८० च्या ‘रिमेन इन लाइट’वर नायजेरियाच्या फेला कुटीची छाप स्पष्ट ऐकू येते. मग १९८६ मध्ये ‘समथिंग वाइल्ड’ या सिनेमासाठी बर्न चक्क साल्साची सम्राज्ञी सेलिया क्रूझबरोबर ‘लोको दे अमोर’ गायला. म्हणजे ‘प्रेमात वेडा’! हा वेडेपणा एका गाण्यावर थांबणारा नव्हता.

नावापुढे ताल

‘रेइ मोमो’मधली सगळ्यात भारी गोष्ट गाण्यांच्या यादीतच आहे. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या कॅसेटवर बंदिशीबरोबर राग आणि ताल छापायचे, आठवतंय? इथेही तसंच. प्रत्येक गाण्यापुढे त्याच्या तालाचं किंवा शैलीचं नाव. ‘इंडिपेन्डन्स डे’ म्हणजे कोलंबियाची कुम्बिया. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकचा मेरेंगे. ‘द ड्रीम पोलीस’ क्यूबाच्या चा-चा-चामध्ये, तर ‘ऑफिस काउबॉय’ ब्राझीलच्या पागोजीमध्ये. ‘लॅटिन’ नावाच्या एकाच गाठोड्यात सगळं कोंबायचं नाही, हा त्यातला फंडा. कुम्बियाला कुम्बियाच म्हणायचं.

वाजवणारेही तसेच तयारीचे. साल्साला घडवणाऱ्या ‘फानिया’ कंपनीचा सहसंस्थापक जॉनी पाचेको, ट्रॉम्बोनवाला विली कोलोन, तालवादक मिल्टन कार्डोना. पाचेको आणि कोलोनचा तर काही गाणी रचण्यातही हात आहे. आणि यांना शोधायला बर्नला विमान पकडावं लागलं नाही. साल्सा मोठा झाला तो न्यूयॉर्कमध्येच. ज्या शहरात बर्न रॉकस्टार झाला, त्याच शहरात!

सोळा मात्रांचा होमवर्क

हे ताल नेमके चालतात कसे? डेस्कवर बसल्या बसल्या करून बघा. तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११ आणि १३ वर टाळी द्या. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्या अर्ध्यात दोन. झाली तुमची ‘क्लावे’! साल्साचा सगळा डोलारा या पाच टाळ्यांवर उभा असतो. पियानो, ब्रास, काँगा, सगळे हिच्या हिशोबाने चालतात.

रॉकची सवय असलेल्यांची इथे पंचाईत होते. रॉकचा ठोका सरळ: धाड-टाक, धाड-टाक. क्लावेमध्ये मात्र टाळी पडते ती नको तिथे, आणि नेमकी तिथेच कंबर हलते.

अंगात नाच, डोक्यात काळजी

बर्न यात लॅटिन गायक असल्याचा आव आणत नाही. आवाज तोच, किंचित घशात अडकलेला. विषयही त्याचेच: टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांची आयुष्यं जगणारा माणूस, ऑफिसातला माणूस, चांगल्या-वाइटाचा घोळ. खाली ब्रास सेक्शन धमाल करतोय आणि वर हा माणूस टेन्शनमध्ये! हीच या अल्बमची खरी चव. शुक्रवारी रात्री डान्स फ्लोअरवर उभं राहून सोमवारच्या मीटिंगचा विचार करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

उसनवारी की लूट?

१९८६ मध्ये पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’ आला, तेव्हापासून हा वाद गाजत होता. दुसऱ्यांचं संगीत घेऊन गोऱ्या रॉकस्टारने नाव कमवावं का? बर्नवरही ‘हौशी टुरिस्ट’ असल्याची टीका झाली. ती अगदीच गैर नव्हती. अल्बमच्या कव्हरवर मोठं नाव शेवटी त्याचंच होतं.

पण टुरिस्ट फोटो काढून परततो. बर्न तिथेच रेंगाळला. १९८८ मध्ये त्याने ‘लुआका बॉप’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. जवळपास विस्मृतीत गेलेला ब्राझीलचा टॉम झे तिच्यामुळे जगापुढे आला. १९९२ मध्ये याच कंपनीने कन्नड सिनेमांचे संगीतकार विजय आनंद यांची गाणी ‘डान्स राजा डान्स’ नावाने अमेरिकेत काढली. आणि १९९९ मध्ये बर्नने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ‘वर्ल्ड म्युझिक’ या लेबलवरच झोड उठवली. इंग्रजीत नसलेलं सगळं एका खणात टाकायची ती सोय आहे, असा त्याचा मुद्दा. ‘रेइ मोमो’वर तालांची नावं छापण्यामागेही तीच जाण दिसते.

किंमत मोजावी लागलीच. ‘टॉकिंग हेड्स’चा शेवटचा अल्बम १९८८ चा. १९९१ मध्ये बँड संपल्याचं जाहीर झालं आणि ते आपल्याला वर्तमानपत्रातून कळलं, असं ड्रमर ख्रिस फ्रँट्झने सांगितलंय. एकाचं नवं शिकणं तिघांना महागात पडलं, हेही या गोष्टीत धरायला हवं.

कुठून सुरू कराल?

• ‘इंडिपेन्डन्स डे’: सकाळच्या ट्रॅफिकवर उतारा.
• ‘मेक बिलीव्ह मॅम्बो’: आठवडाभर सीरियल बिंज करणाऱ्यांसाठी.
• ‘लोको दे अमोर’: सेलिया क्रूझसाठी. आवाज मोठा ठेवा!
• ‘ऑफिस काउबॉय’: लंच ब्रेकला, हेडफोन लावून. पाय थिरकला तर शेजारचा विचारेलच. त्याला क्लावे शिकवून टाका.